खालचा डावा कोपरा

"थांब. जरा थांब," गेस्के म्हणाली आणि गाडीची दांडी सोडून खोक्याच्या पट्ट्या चाचपू लागली.

धक्क्यावरून निघाल्यापासून ती सारखी थांबत होती. वारा थेट तोंडावर होता. बेटाच्या धक्क्यापासून गावापर्यंतची वाट समुद्राच्या बांधालगत जाते. एका अंगाला ओहोटीचा चिखल, दुसऱ्या अंगाला मेंढ्या. बाहेरच्यांच्या मोटारी बेटावर येऊ देत नाहीत, म्हणून आमची व्हॅन पलीकडच्या किनाऱ्यावर राहिली होती आणि आम्ही दोघी हातगाडी ओढत चाललो होतो. बेटावरची माणसं पोरं आणि किराणा ज्यात घालून नेतात तसली, जाड टायरची गाडी. तिच्यात गाद्यांवर एक लाकडी खोका आणि खोक्यात आफ्के होल्वर्दा नावाच्या म्हाताऱ्या विधवेचं चित्र. ते आमच्या दालनात प्रदर्शनासाठी आलं होतं, आता परत चाललं होतं. आणि त्याच्याबरोबर एक वाईट बातमीही चालली होती. ती गेस्केने सांगायची होती. मी फक्त गाडी ओढायला.

"सैल नाहीयेत गं पट्ट्या," मी म्हटलं. "मघाशीच बघितल्यास की."

"मघाशी ते मघाशी."

मागून एक म्हातारा सायकलवरून आला. आमच्या शेजारी येऊन त्याने पाय टेकला. "काय पोरींनो, एवढ्या हळू? प्रेत बित नेताय की काय?"

"जिवंत आहे, म्हणून हळू," गेस्के म्हणाली. प्रेत असतं तर एव्हाना पोचलो असतो, असंही वर म्हणाली. म्हातारा हसत पुढे गेला. गेस्के हसली नाही. तिने ज्येष्ठमधाची एक काळी खारट गोळी तोंडात टाकली, एक मला दिली आणि दांडी उचलली.

परदेशात मी जिथे राहायला आले त्या गावच्या चित्रदालनात गेस्के रजिस्ट्रार होती. हे मी पहिल्यांदा फोनवर आईला सांगितलं तेव्हा आईला वाटलं, ही बाई लग्नं लावते. मी म्हटलं, नाही गं, ही चित्रं सांभाळते. आई म्हणाली, चित्रं काय पळून जातात? आईचा प्रश्न तसा बरोबर होता. चित्रं पळून जात नाहीत, पण माणसं त्यांना सारखी इकडून तिकडे नेत असतात, आणि नेताना पाडतात, ओली करतात, विसरतात, उलटी ठेवतात. प्रत्येक चित्र कुठे आहे, कुणाचं आहे, कसं आलं आणि येताना त्याला कुठे काय लागलेलं होतं, हे ज्या एका माणसाला ठाऊक असावं लागतं ते माणूस म्हणजे गेस्के. मी त्याच दालनात खुर्चीवर बसून लोकांवर लक्ष ठेवायचे. लोकांची बोटं चित्रांना लागू नयेत एवढंच माझं काम. तिचं काम माझ्या कितीतरी आधी सुरू व्हायचं आणि नंतर संपायचं.

चित्र आलं की ती त्याच्यावर वाकायची. हातात लहान बॅटरी, ती बाजूने धरायची, म्हणजे उजेड तिरपा पडून बारीक खड्डासुद्धा सावली टाकतो. जत्रेतून परत आलेल्या पोराला आई कशी उलटंपालटं करून बघते, कुठे खरचटलं, कुठे पडला, तसं ती बघायची. तिच्या हातात अंगठी नसायची, कमरेला बकलाचा पट्टा नसायचा, गळ्यात काही लोंबत नसायचं. शाई तर तिच्या आसपास नाहीच, कायम पेन्सिल. कुणाच्या घरी जेवायला गेली तरी भिंतीपाशी उभी राहताना हात आपोआप पाठीमागे जायचे. तिच्या बहिणीने मला एकदा हसत सांगितलं होतं, "हिने लग्नात नवऱ्यालासुद्धा आधी चारी बाजूंनी तपासलं, आणि मग सही केली." गेस्के शांतपणे म्हणाली होती, "आणि तो टिकला की नाही?"

एकदा बाहेरच्या देशातून एक मोठं चित्र आलं. संग्रहालयातून आलेल्या पाहुण्याला घाई होती, वर्तमानपत्रवाले ताटकळले होते, आणि खोका येताक्षणी उघडायला लावत होते. थंडीतून आलेला खोका उबेत आणून लगेच उघडला की चित्राला घाम फुटतो. गेस्केने खोक्याला पाठ लावून खाली बसकण मारली आणि डब्यातलं ब्रेड-चीज खायला घेतलं. संचालक आले, वरचे साहेब आले. ती म्हणाली, "मी काही कुणाला अडवत नाही. मी जेवते आहे." दुसऱ्या दिवशी खोका मुरल्यावर तिने स्वतः सगळ्यांना बोलावून उघडायला लावला. तेव्हापासून सगळे तिला जकातनाका म्हणायचे. समोरसुद्धा. तिला ते आवडायचं असं मला वाटतं.

अशा बाईच्या हातून ही चूक झाली होती.

आमच्याकडे किनाऱ्यावरच्या घराघरांतून मागून आणलेल्या होड्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. आफ्केबाईंचं चित्र त्यातलं. त्यांच्या नवऱ्याच्या पणजोबाची मासेमारीची होडी, धक्क्याला बांधलेली, मागे राखाडी आभाळ. कुण्या फिरत्या चित्रकाराने काढलेलं. गेस्के ते आणायला बेटावर गेली, नेहमीप्रमाणे बॅटरी घेऊन वाकली, आणि प्रत्येक तड्याबद्दल, प्रत्येक खिळ्याबद्दल तिने आफ्केबाईंना विचारून घेतलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक काळपट तेलकट डाग होता, तळहाताएवढा. त्याबद्दल मात्र तिने विचारलं नाही. कागदावर नुसतं लिहिलं: मळ.

का विचारलं नाही? तिकडच्या उत्तरेकडच्या बायकांना घर पुसण्याचा केवढा अभिमान. खिडकीच्या काचा दर आठवड्याला, दाराबाहेरची वीटसुद्धा घासलेली. अशा घरात जाऊन घरधनिणीला 'तुमच्या चित्रावर मळ आहे' म्हणणं म्हणजे तोंडावर थप्पड मारणं. गेस्के त्याच मातीतली. तिने सभ्यपणाने तोंड मिटून घेतलं.

मग दालनात आमच्या रूर्डने तो कागद वाचला. रूर्ड चित्रं दुरुस्त करणारा, मऊ स्वभावाचा, मोठ्या पोटाचा माणूस. त्याला वाटलं, म्हातारीने आपलं चित्र विश्वासाने दिलं, तर तिला काहीतरी भेट द्यावी. आपल्या जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने कापसाच्या काड्यांनी तो कोपरा स्वच्छ केला. फुकट. खालच्या धक्क्याच्या फळ्या लख्ख निघाल्या. गेस्केने बघून सही केली. काम चोख झालं होतं.

प्रदर्शन संपत आलं तेव्हा गेस्केने परत कधी आणायचं हे ठरवायला आफ्केबाईंना फोन केला. बोलता बोलता म्हातारी म्हणाली, "माझ्या कोपऱ्याला सांग, तुझी वाट बघतेय म्हणून."

"कोणता कोपरा?"

मग आफ्केबाईंनी सांगितलं. त्या घरातला जो कोणी पाण्यावर जायचा तो निघताना चित्राच्या त्या कोपऱ्याला हात लावून जायचा. पणजोबापासून. कुणी त्याबद्दल काही बोलायचं नाही, टोपी चढवावी तसा जाता जाता हात लागायचा. शेवटचा हात डाऊवेचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. मुलगा दूर शहरात कचेरीत बसतो, तो कशाला पाण्यावर जाईल.

मी त्या वेळी कॉफी न्यायला तिच्या खोलीत गेले होते. गेस्केने फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आम्ही त्या माणसाला पुसून टाकलं."

पुढचे काही दिवस वाईट गेले. रूर्ड रडवेला झाला, आणि त्यातूनच त्याने उपाय काढला. "मला एक दुपार दे गेस्के. थोडं मेण, थोडी काजळी, तपकिरी. मी तो डाग होता तसा परत बसवतो. फोटो आहेत आपल्याकडे. तिला कळायचं नाही."

"आणि मग ती हात लावेल तो कुणाच्या मळाला? तुझ्या?"

रूर्डने फोटो परत पाकिटात घातले. संचालकांनी मात्र त्याची बाजू धरली. आफ्केबाईंनी ते चित्र आपल्या माघारी दालनाला द्यायचं बोलून दाखवलं होतं, आणि संचालकांना ते फार हवं होतं. ते म्हणाले, बाई ऐंशीच्या पुढची आहे, नजर अधू आहे, तिला सांगून तिचा जीव दुखवायचा आणि आपलंही नुकसान करून घ्यायचं, ह्यात कुणाचं भलं आहे? रूर्डला करू दे त्याचं काम. चित्र पुढच्या महिन्यात पाठवू.

गेस्के म्हणाली, "चित्र जसं आहे तसंच तिच्याकडे जाईल, आणि ते मी नेईन. सोमवारी."

"मी परवानगी दिलेली नाही."

"ठरलेली मुदत सोमवारी संपते. त्यानंतर ते तिच्या परवानगीशिवाय आपण ठेवलेलं असेल. त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे."

सोमवारी दालन बंद असतं. चित्राबरोबर दोन माणसं हवीत हा नियम, आणि दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. म्हणून मी.

बांधावरून चालताना ती मला म्हणाली, "तुझ्याकडे असं काही असतं का गं? हात लावायचं?"

मी तिला मायदेशातल्या माझ्या गावच्या देवीच्या देवळाचं सांगितलं. आत जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतात. त्या जागी दगड काळा आणि गुळगुळीत झालाय, माझ्या आजीच्या आजीचाही हात असेल त्यात. आणि खरं सांगते, देवीच्या मूर्तीपेक्षा मला कधीकधी त्या उंबऱ्याचाच जास्त आधार वाटतो.

"आणि तो कुणी घासून पांढरा केला तर?"

"अगं बाई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"मग? कुणाला सांगावं लागेल?"

"गुरवाला. आणि मग सगळ्या गावाला."

"गुरव काय म्हणेल?"

"ते मला नाही सांगता येणार. चांगलं काही म्हणणार नाही."

तिने मान हलवली, जणू तेच तिला ऐकायचं होतं. मग पुन्हा थांबून पट्ट्या चाचपल्या.

आफ्केबाईंचं घर गावाच्या टोकाला, बुटकं, पुढे हिरवं दार. म्हातारी दारातच उभी होती. उंच, ताठ, पांढरे केस घट्ट मागे ओढलेले. "आलात? चिखलाचे बूट बाहेर. कॉफी तयार आहे, केकही आणलाय. वारा बघितलात का? संध्याकाळची बोट चांगली नाचणार आहे."

आम्ही खोका आत घेतला. भिंतीला चिकटवलेल्या जुन्या नक्षीच्या कागदाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा दिसत होता आणि वर रिकामा खिळा. गेस्केने खोका त्याच्याखाली भिंतीला टेकवून उभा केला, पण उघडला नाही.

"काढ की बाहेर," आफ्केबाई म्हणाल्या.

"जरा वेळ घरात मुरू दे त्याला."

"म्हणजे काय? चित्र आहे की मिठातला मासा?" आफ्केबाई खुशीत होत्या. कप भरू लागल्या.

गेस्के उभीच राहिली. हात पाठीमागे. "होल्वर्दाबाई, खोका उघडण्याआधी मला एक सांगायचंय. खालचा डावा कोपरा स्वच्छ झालाय."

आफ्केबाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "स्वच्छ म्हणजे?"

"आमच्याकडे पुसला गेला. मी कागदावर मळ म्हणून लिहिलं होतं, म्हणून. ते काय आहे हे मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"सगळा?"

"सगळा. मी भिंगातून बघितलं. काही उरलेलं नाही."

"कुणी पुसला?"

"माझ्या लिहिण्यावरून झालं ते."

"मी विचारलं कुणी."

"मी," गेस्के म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. रूर्डचं नाव तिने त्या घरात शेवटपर्यंत काढलं नाही.

आफ्केबाईंनी एक एक कप उचलून तबकात ठेवला. केकच्या बश्याही ठेवल्या. तबक घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भरलेली कॉफी मोरीत ओतल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. त्या भागात घरी आलेल्याची कॉफी परत नेतात हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. गेस्के जागची हलली नाही. मी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं. दुसरं काय करणार.

म्हातारी परत आली, खुर्चीत बसली. "उघड."

गेस्केने हातमोजे घातले, स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, कागद उलगडला. होडी तशीच होती, आभाळही तसंच राखाडी. खाली डावीकडे धक्क्याच्या फळ्या पिवळ्याजर्द, काल रंगवल्यासारख्या. बाकीच्या चित्राशी त्यांचं काही नातंच दिसत नव्हतं.

आफ्केबाई पुढे वाकल्या. "डाऊवेचा अंगठा इथे यायचा," त्या म्हणाल्या. "त्याच्या बापाचा जरा वर, तो उंच होता. लग्न होऊन आले तेव्हा सासूने सांगितलं, सगळं घर पुस, चित्रावरून फडकं फिरव, हा कोपरा सोडून. तो मी कधीच पुसला नाही. शेजारणी बघायच्या. बघू दे म्हटलं." त्यांनी वरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. "शेवटच्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून दवाखान्याच्या बोटीकडे न्यायला निघाले. त्याचा हात काही भिंतीपर्यंत पोचेना. तर मी चित्र खिळ्यावरून काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. ती माणसं म्हणाली, बाई, घाई आहे. मी म्हटलं, असू दे."

माझे डोळे भरून आले होते, गेस्केचे कोरडे होते, पण तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. ती सबब सांगू शकली असती. डाग पुन्हा बसवून देण्याचं बोलणं झालं होतं आणि आपण ते होऊ दिलं नाही, हेही सांगू शकली असती. तिच्या बाजूचं तेवढंच एक होतं. तेही ती बोलली नाही.

"टांग ते खिळ्याला," म्हातारी म्हणाली.

गेस्केने चित्र खिळ्यावर लावलं, मागे सरून बघितलं, एका बाजूने केसभर वर केलं. मग पावतीचा कागद आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. "चित्र मिळालं ह्याची सही लागते. झालेलं नुकसान मी वर लिहिलंय, कुणामुळे तेही."

"सही करणार नाही."

"बरं," गेस्के म्हणाली, आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"बरं काय? जा आता."

"मला जाता यायचं नाही. तुमची सही होईपर्यंत चित्र माझ्या जिम्म्याला आहे. ते सोडून मी बोटीवर चढू शकत नाही."

"म्हणजे माझ्या घरात ठाण मांडून बसणार?"

"घरात नको असेन तर बाहेर बाकावर बसेन. खिडकीतून दिसतं मला."

"ह्या वाऱ्यात?"

"ह्या वाऱ्यात."

आफ्केबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ही खरंच बसेल?"

"बसेल," मी म्हटलं. "हिचा काही भरवसा नाही. आणि ही बसली की मलाही बसावं लागेल."

म्हातारीच्या नाकातून एक आवाज निघाला. हसणं नव्हे, पण मघाचा दगडही नव्हे. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. बांधापलीकडे पाणी चढू लागलं होतं आणि त्याच्यावर पांढरा फेस उठत होता. मग वळल्या आणि गेस्केला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हातमोजे काढ."

"काय?"

"ऐकू येत नाही का पोरी? हातमोजे काढ. तू आज पाण्यावर जाणार आहेस ना? ह्या घरातून पाण्यावर गेलेलं कुणी हात न लावता गेलेलं नाही. तू लाव. मग मी सही करते."

साठीला आलेली गेस्के, आणि तिला आफ्केबाई पोरी म्हणत होत्या. ती एक पाऊल मागे सरली. आयुष्यभर तिने चित्रांना बोट लागू दिलं नव्हतं, स्वतःचं तर नाहीच. "होल्वर्दाबाई, ते मला जमायचं नाही. उघड्या हाताला घाम असतो, तेल असतं, मीठ असतं. एकदा लागलं की ते तिथेच राहतं, आत उतरतं..."

"हो," आफ्केबाई म्हणाल्या. "उतरतं."

गेस्केने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"चित्र कुणाचं?" म्हातारीने विचारलं.

"तुमचं."

"मग कशाची वाट बघतेस? बोट थांबायची नाही."

गेस्केने आधी डाव्या हाताचा मोजा काढला, मग उजव्या हाताचा, आणि दोन्ही नीट घडी करून खिशात घातले. चित्रापुढे तिचे हात मी इतक्या वर्षांत असे उघडे बघितले नव्हते. लांब बोटांचे, थंडीने लाल झालेले. ते तिने पाठीमागे नेले नाहीत. चित्रापुढे जाऊन उजवा हात वर केला आणि त्या पिवळ्या फळ्यांच्या अगदी जवळ नेऊन थांबवला. मान न वळवता ती मला म्हणाली, "टेबलावरची पेन्सिल घे आणि माझ्यासाठी पावतीवर एवढं लिही, मला आता लिहिता यायचं नाही. खालचा डावा कोपरा, उघडा हात, आजची तारीख. आणि नाव माझं घाल."